रेल्वे स्थानक परिसराची पुनर्रचना आणि दुभंगलेल्या नगरभागांची जोडणी : परळ–प्रभादेवीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

रेल्वेमुळे गावे व शहरे एकमेकांस जोडली जातात, हे विधान सर्वपरिचित आहे. परंतु ज्या शहराच्या मधून रेल्वेमार्ग जातो त्या शहराचे तो दोन भागही करतो, या वस्तुस्थितीकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. मुंबई उपनगरीय रेल्वेच्या प्रदेशात पत्ता सांगताना स्थानकाच्या नावापुढे ‘पूर्व’ अथवा ‘पश्चिम’ लिहावे लागते. ही केवळ दिशा नसते. दोन्ही बाजूंच्या घरांचे भाव, रस्त्यांची रुंदी, शाळा, बाजार आणि दवाखाने यांत अनेकदा लक्षणीय तफावत असते. रूळ ओलांडण्याची सोय किती व कशी आहे यावर एका बाजूच्या रहिवाशाला दुसऱ्या बाजूच्या सोयींचा लाभ मिळेल की नाही हे अवलंबून असते.

स्थानक हे या दुभंगाच्या रेषेवरील मोजक्या उघड्या जागांपैकी एक होय. त्यामुळे स्थानक परिसराची रचना हा केवळ प्रवासी वाहतुकीचा प्रश्न राहत नाही, तो नगररचनेचा, सार्वजनिक सुरक्षिततेचा आणि सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्यामागील कारणे आणि पुनर्रचनेची तत्त्वे यांचे विवेचन मुंबईतील परळ व प्रभादेवी या जुळ्या स्थानकांच्या आधारे केले आहे. तुलनेसाठी नेदरलँड्समधील उट्रेख्त शहराच्या अनुभवाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या या मार्गानंतर १८६० च्या दशकात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग बेटाच्या पश्चिम अंगाने आला. आजची मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे ही या दोन कंपन्यांचीच उत्तररूपे आहेत. मार्ग टाकले गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही अंगांना बव्हंशी शेते, वाड्या, खाजणे आणि तुरळक वस्ती होती. शहर नंतर रुळांच्या भोवती वाढले. साहजिकच रूळ ओलांडण्याची व्यवस्था मूळ आराखड्यात अल्प होती आणि पुढे ती गरजेनुसार, तुकड्यातुकड्याने होत गेली.

मुंबई बेट दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद आहे. दोन्ही रेल्वेमार्ग लांबीच्या दिशेने जातात. परिणामी उत्तर-दक्षिण प्रवास सुलभ झाला, तर पूर्व-पश्चिम प्रवास कायम दुय्यम राहिला. शहरातील पहिला मेट्रोमार्ग, वर्सोवा ते घाटकोपर, जून २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा पूर्व-पश्चिम दिशेने लोहमार्गाने थेट जाण्याची सोय प्रथमच उपलब्ध झाली. पहिल्या आगगाडीनंतर यासाठी १६१ वर्षे लागली, यावरून या दिशेची उपेक्षा ध्यानात येते.

या उपेक्षेची किंमत जीवितहानीच्या रूपाने मोजावी लागली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात देशभरात दरवर्षी सुमारे १५,००० व्यक्ती रूळ ओलांडताना वा रुळांवर वावरताना मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरीय मार्गांवर, असे नमूद केले होते. रूळ ओलांडणे हा कायद्याने गुन्हा आहे. तथापि दररोज हजारो माणसे तो करतात, त्या अर्थी तेथे केवळ बेशिस्त नसून अनुपलब्ध अथवा गैरसोयीच्या मार्गाचा प्रश्न आहे, असे मानावे लागते.

परळ–प्रभादेवी : गर्दीची दिशा कशी पालटली

परळ हे मध्य रेल्वेवरील, तर प्रभादेवी हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या नावावरून प्रभादेवी स्थानक जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखले जात असे. दोन्ही स्थानके एकमेकांस लागून आहेत, पण त्यांचे प्रशासन दोन वेगळ्या विभागीय रेल्वेंकडे आहे. दोन्ही रेल्वेंचे मार्ग येथे शेजारून जात असल्यामुळे ओलांडावयाचा पट्टाही अधिक रुंद आहे. रुळांच्या पूर्वेस जुने परळ गाव आणि १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय, वाडिया रुग्णालये तसेच १९४१ सालचे टाटा स्मारक रुग्णालय अशी देशभरातील रुग्णांना आधार देणारी केंद्रे आहेत. पश्चिमेस सेनापती बापट मार्ग आणि त्यालगतच्या कापड गिरण्यांच्या जमिनी आहेत.

गिरण्या चालू होत्या त्या काळात या परिसरातील गर्दीचे स्वरूप निराळे होते. गिरणगावातील कामगार बहुसंख्येने परळ, लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, वरळी येथील चाळींत राहत असे. भोंगा झाला की तो पायी गिरणीत जाई आणि पाळी सुटली की पायीच घरी परते. कामाची जागा व राहण्याची जागा यांतील अंतर अल्प असल्यामुळे स्थानकांवरील भार मर्यादित होता. शिवाय गिरण्या तीन पाळ्यांत चालत, त्यामुळे ये-जा दिवसभरात विभागली जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासास मुभा दिली. त्यामागील सूत्र असे की, जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेकडे, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाकडे आणि उर्वरित मालकाकडे राहावा. २००१ साली नियमात बदल होऊन ही विभागणी सर्व जमिनीऐवजी केवळ बांधकामरहित जमिनीपुरती मर्यादित झाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. सार्वजनिक वापरासाठी मिळू शकणाऱ्या जमिनीत त्यामुळे मोठी घट झाली.

दरम्यान १९९६ साली राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता त्यांचा एकत्रित आराखडा करावा, अशी त्या गटाची मुख्य भूमिका होती. एल्फिन्स्टन रोड–परळ स्थानकांलगत पादचाऱ्यांसाठी प्रशस्त मोकळा चौक निर्माण करण्याची कल्पनाही त्यात होती. अनेक गिरण्या शेजारीशेजारी असल्यामुळे रस्ते, मोकळ्या जागा आणि स्थानकाकडे जाणाऱ्या वाटा यांची अदलाबदल करून सलग सार्वजनिक जाळे उभे करणे तेव्हा शक्य होते. तो आराखडा अमलात आला नाही. प्रत्येक गिरणीचा विकास तिच्या कुंपणाच्या आत झाला.

चाळीतून पायी येणाऱ्या कामगाराची जागा अशा रीतीने विरार, बोरिवली, कल्याण, डोंबिवली वा ठाण्याहून लोकलने येणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्याने घेतली. एल्फिन्स्टन, ज्युपिटर व इतर गिरण्यांच्या जागी व्यापारी मनोरे उभे राहिले, मात्र त्यांत काम करणाऱ्यांनी उतरावयाचे स्थानक, चढावयाचा जिना आणि ओलांडावयाचा पूल हे गिरणीकाळातीलच राहिले. चटईक्षेत्राची गणना झाली, पाण्याची व वाहनतळाची झाली, परंतु स्थानकातून बाहेर पडणाऱ्या पावलांची झाली नाही.

२९ सप्टेंबर २०१७ : रचनेतील दोषाचे दर्शन

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दोन्ही स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. जोराचा पाऊस पडत होता. गाड्यांतून उतरलेले प्रवासी पावसामुळे पुलावरच थांबले आणि मागून येणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांची त्यात भर पडत गेली. कोणाच्या तरी तोंडचा ‘फूल पडले’ हा शब्द ‘पूल पडला’ असा ऐकला गेल्याचेही त्या वेळी सांगितले गेले. पाऊस व अफवा ही तात्कालिक निमित्ते म्हणता येतील. मूळ कारण समजण्यासाठी पादचारी प्रवाहाचे साधे गणित पाहणे आवश्यक आहे.

जिन्याच्या रुंदीच्या प्रत्येक मीटरमधून एका मिनिटात किती माणसे जाऊ शकतात याला मर्यादा असते. अमेरिकी अभियंता जॉन फ्रूइन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पादचारी नियोजनविषयक ग्रंथापासून या मर्यादेचा पद्धतशीर विचार होऊ लागला. उदाहरणादाखल जिन्यावर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ५० माणसे असा वेग धरू. चार मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला २०० माणसे जातील. एका गाडीतून १,५०० प्रवासी उतरले असे मानल्यास जिना रिकामा होण्यास साडेसात मिनिटे लागतील. गर्दीच्या वेळी चार मिनिटांनी दुसरी गाडी आली, तर पहिल्या गाडीचे जवळजवळ निम्मे प्रवासी जिन्यावर वा पुलावर असतानाच दुसऱ्या गाडीचे त्यांना येऊन मिळतात. जिन्याच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मीटर जागा सामानाने वा थांबलेल्या माणसांनी व्यापली, तर उपयुक्त रुंदी तीन मीटर उरते आणि तोच वेळ दहा मिनिटांवर जातो. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष सार्वत्रिक आहे: आगमनाचा वेग निर्गमनाच्या वेगापेक्षा अधिक असेल, तर साठणारी गर्दी हा अपघात नसून गणिती अपरिहार्यता असते.

दर चौरस मीटरला सुमारे सात माणसे इतकी दाटी झाली की समूह द्रवासारखा वागू लागतो. व्यक्तीचे स्वतःच्या हालचालींवर नियंत्रण राहत नाही, मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो. अशा अवस्थेत ‘प्रवाशांनी शिस्त पाळावी’ हे आवाहन निरर्थक ठरते, कारण पुढे काय घडत आहे हे मागच्यास दिसत नसते.

येथे रचनेचा एक दोष विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हा एकच पूल तीन वेगवेगळी कामे करीत होता. स्थानकातून बाहेर पडण्याची ती वाट होती, एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेवर जाणाऱ्यांची ती जोडवाट होती आणि परळहून प्रभादेवीकडे जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य पादचाऱ्याची ती गल्लीही होती. तिन्ही प्रवाह विरुद्ध दिशांनी एकाच जिन्यावर येत. पुलाची क्षमता ठरविताना त्याचा विचार केवळ ‘स्थानकाचा भाग’ म्हणून झाला होता, ‘शहराचा रस्ता’ म्हणून नव्हे.

दुर्घटनेनंतर भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी येथे नवा पादचारी पूल उभारला. तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. करी रोड व आंबिवली येथील लष्करी पूलही त्याच सुमारास झाले. पादचारी पुलाकडे ‘प्रवासी सुविधा’ म्हणून न पाहता ‘सुरक्षिततेसाठी अनिवार्य बाब’ म्हणून पाहिले जाईल, असा निर्णयही रेल्वे मंत्रालयाने दुर्घटनेनंतर जाहीर केला. हा बदल शब्दांचा वाटला तरी महत्त्वाचा आहे. सुविधा निधी असेल तेव्हा दिली जाते, सुरक्षितता मात्र पुढे ढकलता येत नाही. मार्च २०१९ मध्ये परळ येथून लोकल सुटू लागल्या आणि दादरवरील भार काहीसा विभागला गेला. तथापि या सर्व उपायांनी स्थानकाची क्षमता वाढली, दोन नगरभागांची जोडणी हा प्रश्न मात्र बहुतांशी तसाच राहिला.

जोडणीतील अडथळे

पहिला अडथळा मालकीचा आहे. रूळ, फलाट व स्थानकाची जमीन केंद्र शासनाच्या रेल्वेची, बाहेरचा रस्ता महानगरपालिकेचा, अनेक आकाशमार्गिका व उन्नत रस्ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधलेले, बसथांबा बेस्टचा आणि वाहतुकीचे नियंत्रण पोलिसांचे. १९९९ साली स्थापन झालेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ हे रेल्वे व राज्य शासन यांचा संयुक्त उपक्रम असले, तरी त्याचा भर मार्ग व गाड्या यांची क्षमता वाढविण्यावर राहिला आहे. स्थानकाच्या दारापासून पहिल्या शे-दोनशे मीटरच्या परिसराचा एकत्रित विचार करण्याची जबाबदारी कोणा एकाची नाही. अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद होऊन पुनर्बांधणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळी जुळत नसल्याचे आढळले. रुळांवरील उंचीचे निकष बदलले होते, पण जोडल्या जाणाऱ्या दोन बांधकामांचा एकत्रित विचार वेळेवर झाला नव्हता.

दुसरा अडथळा तिकिटाचा आहे. स्थानकाच्या हद्दीतील पुलावर तिकीट वा पास नसलेल्या व्यक्तीने जाणे नियमबाह्य ठरू शकते. ज्याला गाडी पकडावयाची नाही, केवळ पलीकडच्या बाजारात वा रुग्णालयात जावयाचे आहे, त्याच्यापुढे फलाट तिकीट काढणे, दूरच्या सार्वजनिक पुलाचा वळसा घेणे अथवा रूळ ओलांडणे असे पर्याय उरतात. शहराच्या दोन भागांना जोडणारी वाट तिकिटाच्या अधीन असणे हे नगररचनेच्या दृष्टीने विसंगत होय.

तिसरा अडथळा उंचीचा आहे. विद्युत तारांच्या वरून जाणाऱ्या पुलासाठी सुमारे सात मीटर चढावे लागते. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीने ती पंचेचाळीसहून अधिक पायऱ्यांची चढण होते. भुयारी मार्गासाठी याच्या निम्म्याहून कमी उतरावे लागते, म्हणून वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग व रुग्ण यांना तो सोयीचा. परंतु परळ–हिंदमाता हा परिसर सखल असून तेथे पावसाळ्यात पाणी तुंबण्याचा जुना अनुभव आहे. त्यामुळे उपसा यंत्रणा आणि उंचावलेली प्रवेशद्वारे यांविना भुयारी मार्ग येथे भरवशाचा ठरणार नाही. एकच नमुना सर्व स्थानकांना लावता येत नाही, तो यामुळेच.

चौथा अडथळा उपायांच्या एकांगीपणाचा आहे. २००८ साली वांद्रे पूर्व येथे पहिली आकाशमार्गिका झाली आणि त्यानंतर महानगर प्रदेशात अशा तीसहून अधिक मार्गिका उभ्या राहिल्या. स्थानकाबाहेरील कोंडीतून पादचाऱ्यास वर उचलून पुढे नेणे ही त्यामागील कल्पना. परंतु जमिनीवरची कोंडी सोडविण्याऐवजी तिच्यावरून जाण्याचा हा मार्ग होता. दुकान, बसथांबा, रिक्षा हे सर्व खाली असताना वर चढण्याचे कारण अनेकांना पटले नाही. ठाणे पश्चिमेस महानगरपालिकेने राबविलेल्या ‘सॅटिस’ योजनेत बसगाड्या वरच्या तळावर आणि रिक्षा व इतर वाहने खाली अशी विभागणी झाली. तेथे वाहनांचे स्तर वेगळे केले गेले, ही तुलनेने अधिक परिपूर्ण कल्पना होती. तीही मात्र एका बाजूपुरती होती.

पाचवा प्रश्न फेरीवाल्यांचा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. वाट मोकळी असावी हे निर्विवाद होय. परंतु कामावरून परतणारा प्रवासी भाजी, फळे, फुले स्थानकाबाहेरच घेतो, हा व्यवहार गरजेतून निर्माण झालेला आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने उपजीविकेस संरक्षणही दिले आहे. पुनर्रचनेत विक्रीसाठी निश्चित जागा नसेल, तर कारवाईनंतर काही दिवसांतच तो बाजार पुन्हा वाटेवर येतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

उट्रेख्तचा अनुभव

उट्रेख्त हे नेदरलँड्समधील सर्वांत वर्दळीचे स्थानक. १९७३ साली स्थानक व जुने शहर यांच्यामध्ये ‘होख कातरैने’ हे विस्तीर्ण व्यापारी संकुल खुले झाले. स्थानकातून शहरात जाण्यासाठी वरच्या मजल्यावरील दुकानांच्या बोळांतून जावे लागे. त्याच काळात जुन्या शहराभोवतीच्या कालव्याचा काही भाग बुजवून तेथे मोटारींसाठी रुंद रस्ता करण्यात आला. रुळांच्या पश्चिमेस प्रदर्शन संकुल आणि लोंबोक ही स्थलांतरितांची वस्ती असलेली पेठ, तर पूर्वेस जुने शहर. रूळ, व्यापारी संकुल आणि मोटाररस्ता अशा तिहेरी भिंतीने हे भाग दुरावले.

मे २००२ मध्ये तेथील नागरिकांनी सार्वमताद्वारे दोन पर्यायी आराखड्यांतून एकाची निवड केली. त्यानंतर नगरपालिका, रेल्वे आणि व्यापारी व प्रदर्शन संकुलांचे मालक यांच्यात वाटाघाटी होऊन टप्प्याटप्प्याने काम झाले. २०१६ मध्ये नवे स्थानक पूर्ण झाले. त्यात तिकिटाच्या दारांच्या आतील सभागृह आणि त्यालगत तिकिटाविना कोणासही पूर्व-पश्चिम जाता येईल अशी सार्वजनिक वाट, अशी विभागणी करण्यात आली. त्याच वर्षी पादचारी व सायकलस्वारांसाठी रुळांवरून स्वतंत्र मोरेल्से पूल खुला झाला. २०१९ मध्ये १२,५०० सायकलींचा तळ पूर्ण झाला आणि २०२० मध्ये बुजविलेल्या कालव्यात पुन्हा पाणी आले.

हा नमुना मुंबईत जसाच्या तसा आणता येणार नाही. लोकसंख्येची घनता, पाऊस, जमिनीची उपलब्धता आणि निधी या सर्वच बाबतींत अंतर आहे. तेथेही या कामास जवळजवळ दोन दशके लागली. तरीही तीन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. शहराची वाट व स्थानकाची वाट वेगळी करण्यात आली. एका पुलाऐवजी अनेक वाटांचे जाळे आखले गेले. तसेच आराखडा कोणता असावा हे ठरविण्यात नागरिकांचा प्रत्यक्ष सहभाग होता.

पुनर्रचनेची तत्त्वे

उपरोक्त विवेचनावरून स्थानक परिसराच्या पुनर्रचनेसाठी पुढील तत्त्वे मांडता येतात.

१) प्रत्येक मोठ्या स्थानकावर किमान एक पूर्व-पश्चिम वाट तिकीटमुक्त व अहोरात्र खुली असावी. ती शहराचा रस्ता मानून तिची देखभाल, प्रकाशव्यवस्था व सुरक्षितता निश्चित करावी.

२) पूल व जिन्यांची रुंदी आजच्या सरासरी गर्दीवर नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी आल्यास होणाऱ्या कमाल गर्दीवर ठरवावी. स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर मोठ्या बांधकामास परवानगी देताना त्यातून वाढणाऱ्या पादचाऱ्यांची गणना अनिवार्य असावी आणि क्षमतावाढीचा खर्च त्या विकासाशी जोडावा.

३) पूल जेथे जमिनीस टेकतो तेथे मोकळा चौक असावा. रुंद पूल अरुंद गल्लीत उतरला, तर कोंडी पुलाच्या टोकाशी सरकते, नाहीशी होत नाही. पावसात थांबणाऱ्यांसाठी चौकात छप्पर असल्यास जिने मोकळे राहतील.

४) दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा. एका बाजूस दर्शनी प्रवेशद्वार व दुसऱ्या बाजूस मागची फट, अशी रचना दुभंग अधिक घट्ट करते.

५) २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या अनुषंगाने उद्वाहक, सरकते जिने वा उतार यांपैकी योग्य ती सोय मूळ आराखड्यातच असावी. रुग्णालयांच्या सान्निध्यामुळे परळ येथे याची निकड अधिक आहे.

६) विक्रेत्यांसाठी वाटेबाहेर, पण वाटेवरून दिसेल अशी जागा आखून द्यावी.

७) स्थानक परिसरासाठी रेल्वे, महानगरपालिका, प्राधिकरण आणि स्थानिक प्रतिनिधी यांचे एक संयुक्त मंडळ असावे व त्याच्या संमतीविना कोणत्याही एका यंत्रणेने परिसरात बांधकाम करू नये.

८) जुनी वाट बंद करण्यापूर्वी पर्यायी वाट खुली असावी.

यांपैकी शेवटच्या तत्त्वाची गरज परळमध्येच पुन्हा प्रत्ययास आली. शंभराहून अधिक वर्षे जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. शिवडी–वरळी उन्नत मार्गासाठी त्या जागी दुमजली पूल प्रस्तावित आहे. वरचा मजला वरळीकडून अटल सेतूकडे जाणाऱ्या वाहनांसाठी, तर खालचा स्थानिक वाहतुकीसाठी असेल. पूल बंद होताच वाहने टिळक पूल, करी रोड व चिंचपोकळी येथील पुलांकडे वळविण्यात आली. प्रभादेवीहून केईएममध्ये जाणाऱ्या रुग्णासाठी हा वळसा केवळ अंतराचा नसतो, वेळेचाही असतो. शिवाय ज्यांची घरे पुलालगत आहेत त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही या कामाशी निगडित राहिला. दूरच्या प्रवासाची जोडणी वाढत असताना परळ आणि प्रभादेवी यांची परस्पर जोडणी बांधकामाच्या काळात तरी क्षीण झाली, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

समारोप

रेल्वेमार्गाने दुभंगलेले नगरभाग जोडणे म्हणजे केवळ पूल बांधणे नव्हे. परळ–प्रभादेवीच्या उदाहरणावरून असे दिसते की, जमिनीचा वापर बदलला, गर्दीची दिशा पालटली, परंतु वाटा जुन्याच राहिल्या. १९९६ साली एकत्रित नियोजनाची संधी होती. ती गेल्यानंतर २०१७ मध्ये तिचे मोल २३ कुटुंबांना द्यावे लागले. त्यानंतरचे उपाय जलद व आवश्यक होते, तथापि ते स्थानकाच्या हद्दीत थांबले.

अमृत भारत स्थानक योजनेत परळचा समावेश झाला आहे आणि दुमजली पुलाचे कामही हाती घेण्यात आले आहे. परिसरात हा मोठा सार्वजनिक प्रकल्प होत असल्यामुळे त्याची स्थानकाशी सांगड घालण्याची संधी पुन्हा उपलब्ध झाली आहे. नव्या पुलाच्या खालच्या मजल्यावर रुंद व सावलीचा पदपथ असणे, तो दोन्ही स्थानकांच्या पुलांशी समपातळीवर जोडला जाणे आणि पूर्वेस रुग्णालयांकडे जाणारी वाट अखंड राहणे या बाबी आराखड्याच्या अवस्थेतच साध्य होऊ शकतात. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्या जोडू पाहणे अंधेरीच्या अनुभवाप्रमाणे कष्टाचे व खर्चाचे ठरते.

अशा नियोजनात महाविद्यालयांनाही वाव आहे. भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी आपल्या नजीकच्या स्थानकावरील पादचारी प्रवाहाची नोंद, दोन्ही बाजूंच्या सोयींचा तुलनात्मक नकाशा आणि रूळ ओलांडणाऱ्यांच्या कारणांचे सर्वेक्षण हाती घेतल्यास कल्याण, डोंबिवली, ठाणे वा पालघर येथील स्थानकांविषयी आधारभूत माहिती उपलब्ध होईल. परळमध्ये जी गणना वेळेवर झाली नाही, ती अन्यत्र वेळेवर व्हावी, हाच या अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ होय.